चाचांच्या हातचा कंप्युटर

आमच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा तो बघायला अर्धी गल्ली आली. कुणी दार उघडून आत डोकं घातलं, कुणी बर्फाचा कप्पा कुठंय ते विचारलं. बाबालालचाचा मात्र सरळ फ्रिजच्या पाठीमागं गेले. मधलं बोट वाकवून त्याच्या पाठीवर टक् टक् केलं, कान लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कच्चा हाय."

"अहो चाचा, फ्रिज कच्चा कसा असेल?"

"आवाज बसलाय त्येचा. मुरू दे."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. फ्रिज ठणठणीत चालतोय. तरी चाचा आमच्याकडं आले की जाताजाता त्याला एकदा टक् टक् करतातच आणि म्हणतात, "आता जरा मुराय लागलाय बघ."

बाबालालचाचा मिरजेत तंबोरे करतात. आमच्या समोरचंच दार. पुढं कारखाना, मागं घर. कारखाना म्हणजे एक लांबोळकी खोली. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, भिंतीला दांड्या टेकलेल्या आणि जिथं बसाल तिथं लाकडाचा भुसा. भोपळा चांगला की वाईट हे त्याच्यावर बोटाचं पेर मारून आवाजावरून ठरवायचं, हा त्या धंद्याचा रिवाज. चाचांनी तो धंद्यापुरता ठेवला नाही, एवढंच. कलिंगड ठोकून घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, चाचा वांगं ठोकून घेतात. एकदा ताप आला म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर यांना तपासायच्या आधी यांनी डॉक्टरांचं टेबल तपासलं. "फळी चांगली हाय," असं मला कानात सांगितलं, मगच गोळ्या घ्यायला तयार झाले.

त्यांच्या यास्मीनला बघायला साताऱ्याचा मुलगा आला तेव्हा तर कहर झाला. इरफान त्याचं नाव, शाळेत शिक्षक. चहापाणी झालं आणि चाचांनी उठून त्याला मिठी मारली. सगळ्यांना वाटलं, काय प्रेमळ माणूस! मी शेजारीच बसलो होतो म्हणून मला दिसलं. पाठीवरून हात फिरवल्यासारखं करून त्यांनी बोटानं ठोकलं आणि त्याच्या खांद्याला कान लावला. पोरगं बिचारं काठीसारखं ताठ. "पक्का हाय," चाचा म्हणाले, आणि लग्न ठरलं.

दुसरं वेड पॉलिशचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाचा बोळा त्यात बुडवायचा आणि हात मारत बसायचं. "उघडा माल ह्या दारातनं भाईर जात न्हाई," हे त्यांचं पेटंट वाक्य. आता तंबोऱ्याला पॉलिश हवंच, त्याला कोण नाही म्हणतं? पण गल्लीतल्या पोरांच्या बॅटी, म्हाताऱ्यांच्या काठ्या, झाडूचे दांडे, काही म्हणून सुटलं नाही. आमचं लाटणं एकदा दांडा हलतो म्हणून त्यांच्याकडं दिलं. ते आरशासारखं चमकत परत आलं, आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या पोळ्यांना स्पिरिटचा वास होता. माझी बायको अजून त्यावरून मला बोलते, चाचांना बोलत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तयार माल. हे दोन शब्द चाचा शिवी दिल्यासारखे उच्चारतात. घरातली खाट त्यांनी केलेली, कपाट त्यांनी केलेलं. यास्मीनचा पाळणा, तिची खेळण्यातली बैलगाडी, शाळेतला कंपासबॉक्स, सगळं अब्बांच्या हातचं. यास्मीन लहान असतानाच तिची आई गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. वेणीसुद्धा चाचाच घालायचे, आणि तंबोऱ्याला तार लावल्यासारखी अशी ताणून घालायचे की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या.

आता माझं सांगतो. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मीच. त्यामुळं गल्लीत कुणाचा मोबाईल, टीव्ही, मिक्सर काहीही बिघडलं की "सुहासला बोलवा." मला याचा वैताग येतो, आणि कुणी बोलावलं नाही तर जास्त वैताग येतो. असा माझा स्वभाव.

तर यास्मीनचा निकाह झाला. साताऱ्यातली भाड्याची जागा रंगवून व्हायची होती म्हणून ती महिनाभर इकडंच राहिली. रविवारी दुपारी टेम्पो येणार, सामान चढणार आणि पोरगी जाणार, असं ठरलं होतं. यास्मीन घरात बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करते. लोकांची घरं, दुकानं आतून कशी दिसतील ते बांधायच्या आधीच कंप्युटरवर उभं करून दाखवायचं. त्याला दणकट कंप्युटर लागतो, आणि तिच्या जुन्यानं नेमका लग्नाच्या गडबडीत राम म्हटला होता. इरफान फोनवर म्हणाला, "काळजी करू नकोस. इथं दुकानात तयार मशीन मिळतं. वॉरंटी असते. बिघडलं तर त्यांचा माणूस घरी येऊन करून देतो."

झालं! स्पीकर चालू होता. चाचांनी हातातली कानस खाली ठेवली.

"तयार माल? माझ्या पोरीला?"

"अब्बा, कंप्युटर तयारच असतो."

"मग सुहास सुटं सुटं आणून जोडतो ते काय असतंय?"

चूक माझीच. मागं कधीतरी त्यांच्यासमोर ऑफिसचा एक कंप्युटर जोडत बसलो होतो. त्या दिवसापासून चाचांनी हट्ट धरला. पोरीचा कंप्युटर मीच करणार, आणि ह्याच टेम्पोतनं जाणार. यास्मीन शेवटी म्हणाली, "बरं, करा. पण रविवारपर्यंत चालला पाहिजे. सोमवारपासून मला काम सुरू करायचंय. नाही चालला तर मी साताऱ्यात घेणार, मग रुसायचं नाही." चाचांनी मान हलवली. पण मला माहीत होतं, पोरगी तयार माल घेऊन बसली असती तर हा माणूस महिनाभर कुणाशी शब्दही बोलला नसता.

तयारी म्हणून ते मोबाईलवर कंप्युटर जोडायचे व्हिडिओ लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मी म्हटलं, "चाचा, हे बघायचं असतं."

"बघायचं काय त्यात? स्क्रू पिळताना आवाज कुठं थांबतो ते ऐकतोय."

सांगलीहून सुटे भाग आले. चाचांनी एकेक ठोकला. कॅबिनेट? "पत्रा. भांड्याचा आवाज." मदरबोर्ड? ठोकलाच नाही, नुसता बघत राहिले. "ह्यो तर पुरा गाव हाय रं." मग मेमरीच्या दोन पट्ट्या हातात घेतल्या. बोटभर रुंदीच्या, पातळ. टक् टक् केलं. "मुक्या हायत. कशाला लागत्यात?"

मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "तुम्ही काम करताना पटाशी, कानस, तारा सगळं समोर हाताशी मांडून बसता की नाही? काम संपलं की उचलून फळीवर. तसं कंप्युटर काम करताना सगळं ह्या पट्ट्यांवर मांडून बसतो."

"म्हंजे मांडामांड."

"हां, मांडामांड."

तेव्हापासून आमच्या गल्लीत मेमरीला मांडामांड म्हणतात. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते, तिथूनच ती मदरबोर्डशी बोलते. चाचांनी ती कड उजेडात धरली. "सोनं हाय?"

"मुलामा आहे."

"उघडाच?"

"उघडाच."

ते कितीतरी वेळ त्या कडेकडं बघत राहिले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मला ऑफिसला जायची घाई.

मी ऑफिसात असतानाच त्यांनी कंप्युटर जोडला. यास्मीन सांगायला शेजारी, पण हात लावायची मुभा नाही. बुधवारी संध्याकाळी मी आलो तर कारखान्यात ही गर्दी! चाचांनी "बिस्मिल्ला" म्हणून बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडद्यावर चित्र आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला. यास्मीननं तिचं एक मोठं काम उघडलं, कुणाचातरी दिवाणखाना. सोफ्याला रंग द्यायला गेली आणि अख्खा पडदा निळा.

"निळं का झालं?" चाचा.

"बंद पडला, अब्बा."

"निळ्या रंगात?"

"व्हय."

चाचा म्हणाले, "मुरू दे." पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी बाह्या वर केल्या. कंप्युटर उघडला आणि बघताक्षणी हसलो. मेमरीच्या पट्ट्या नुसत्या खाचेवर टेकवलेल्या, पुऱ्या बसल्याच नव्हत्या.

"चाचा, ह्या दाबून बसवायच्या असतात."

"जोर लावू?"

"मग?"

"जिथं जोर लागतो तिथं काम चुकलेलं असतंय." हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. मी अंगठ्यांनी पट्टी दाबली, खट् आवाज झाला. चाचांनी छातीवर हात ठेवला. "हल्लू रं, हल्लू! मेलं ते!"

पण चालला की हो! सोफा हिरवा झाला, पडदे लागले, झुंबर लटकलं. मी चहाचा दुसरा कप घेतला आणि गल्लीला मेमरी या विषयावर चार शब्द ऐकवले. व्याख्यान रंगात आलं असताना पडदा पुन्हा निळा.

मग सुरू झालं ते खरं लचांड. एक पट्टी काढून दुसरी एकटीच लावून बघितली. मग तिला काढून पहिली. मग खाचा बदलल्या. मेमरी तपासायचा एक प्रोग्राम पेनड्राइव्हवर असतो, तो चालवला. चूक सापडली की तो लाल ओळ दाखवतो. लाल ओळींचा पाऊस पडला. पुन्हा चालवला तर एकही नाही. तिसऱ्यांदा पुन्हा पाऊस. अहो, बिघाड असला तरी त्याला काही रीत हवी! हीच पट्टी वाईट म्हणावं तर ती पुढच्या खेपेला गुणी बाळासारखी वागे, आणि चांगली म्हणून निवडलेली दगा देई. मी मेमरीचा वेगसुद्धा कमी करून पाहिला.

"काय केलंस?" चाचांनी विचारलं.

"जरा सावकाश चालवतोय."

"म्हंजे तार उतरवली. बरोबर केलंस." तार उतरवूनही बेसूर तो बेसूरच.

चाचांचे स्वतःचे तर्क चालूच होते. "ह्या दोन पट्ट्या एका वेलीवरच्या हायत का बघ. दोन वेलींचे भोपळे जोडीला घेतले तर भांडत्यात." मी तोंड फिरवून हसलो. खरं म्हणजे पट्ट्या जोडीच्याच असाव्या लागतात, आणि होत्याही जोडीच्या, पण त्यांचा तर्क बरोबर होता हे मी त्यांना सांगितलं नाही. दर वेळी मी मात्र एकच विचारत होतो, "चाचा, तुम्ही ह्या पट्ट्यांना काही केलं तर नाही ना?"

"काय न्हाई," चाचा छातीवर हात ठेवून सांगत.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. यास्मीन नुसती कपडे भरत होती. चाचांचं जेवण कमी झालं. कारखान्यात एका मोठ्या गाणाऱ्या बाईंचा तंबोरा अर्धवट पडला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. शुक्रवारी इरफानचा फोन आला तर म्हणाले, "जावई, मशीन तयार हाय, जरा आवाज लावतोय." फोन ठेवून पट्ट्या पुन्हा माझ्यापुढं सरकवल्या.

शनिवारी मी पट्ट्या घेऊन सांगलीला दुकानात गेलो. दुकानदारानं पट्टी चष्म्याजवळ नेली, उलटसुलट केली. "साहेब, ही आम्ही दिली त्यापेक्षा चकाचक कशी दिसतीय?"

"आमच्याकडं नीट ठेवतात वस्तू," मी ऐटीत म्हटलं.

त्यानं स्वतःच्या कंप्युटरला लावून पाहिली. चालली, मग बंद पडली. भला माणूस, काही न बोलता नवी जोडी काढली. मी म्हटलं, असं नको, माझ्यासमोर तपास. काउंटरवरच तपासली. एकही लाल ओळ नाही. मी गाणं गुणगुणत मिरजेला परतलो.

दिवेलागण झाली होती. मी पट्ट्या बसवायला निघालो तर चाचांनी डबी माझ्या हातातनं घेतली. "आता दमलायस. ठेव हितं. सकाळी बसवू. मीबी जरा बघतो त्यास्नी." मलाही भूक लागली होती. ठेवल्या.

रविवारी सकाळी पट्ट्या बसवल्या आणि तपासणी लावली. लाल ओळ. आणखी एक. मग पाऊस!

खरं सांगतो, मी डोकं धरून भुशात बसलो. काल काउंटरवर चाललेली नवीकोरी पट्टी आज कशी मरते? म्हणजे मदरबोर्ड वाईट? की मिरजेची वीज वाईट? टेम्पो दुपारी येणार होता. यास्मीन दारात आली, पडद्यावरची लाल अक्षरं बघितली आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे, अब्बा. मी तिकडं घेते." चाचांनी "बरं" म्हटलं. एवढंच. ठोकलं नाही, मुरू दे म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं. या माणसाला असं बरं म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

रागारागानं मी पट्टी उपटली आणि उन्हात बघावी म्हणून बाहेर गल्लीत आलो. सोनेरी कड अशी झळकत होती की डोळे दिपावेत. अंगठ्यानं चाचपली तर अंगठा किंचित चिकटला. कालच पाकिटातनं काढलेली वस्तू चिकट? नाकाला लावली. कारखान्यात सगळीकडं जो वास असतो, आणि म्हणूनच जो कधी कळत नाही, तो वास. आमच्या पोळ्यांचा वास!

"चाचा!"

चाचा धावत बाहेर आले.

"ह्याला पॉलिश केलंत?"

"मग?"

"मग काय? मी चार दिवस विचारतोय, काही केलंत का, काही केलंत का!"

"पॉलिश म्हंजे काय करणं झालं का रं?" चाचांना खरोखरच कळेना. "आंघोळ केली तर कोन सांगतंय का, आज मी ह्ये केलं म्हणून? सोनं उघडं हुतं. हवेनं काळं पडलं असतं. पोरीचा माल हाय, उघडा कसा धाडू? एक पातळ हात मारला फक्त. सकाळपतूर वाळतोय."

"आणि पहिल्या जोडीला?"

"तिला तीन मारले हुते."

मी कपाळावर हात मारून घेतला. लाखेतून वीज जात नाही हो! पट्टी खाचेत घालताना पॉलिश थोडं खरवडलं जायचं, तेवढी ती बोलायची, मग पुन्हा मुकी. चांगली पट्टी वाईट आणि वाईट पट्टी चांगली का व्हायची, तेही कळलं. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटनं आवाज वाढतो पण कमी होत नाही, त्याचंही कोडं त्याच क्षणी सुटलं.

यास्मीन पायरीवर बसून पोट धरून हसत होती. चार दिवसांत पहिल्यांदा हसली पोरगी. चाचा ओशाळले, पण हलले नाहीत. "म्हंजे काढायचं?"

"काढायचं. स्पिरिट आणा."

स्पिरिट काय, त्या घरात पाण्याआधी सापडतं. पण काढायला त्यांनी मला दिलं नाही. स्वतः बसले. मऊ कापडाचं टोक स्पिरिटात बुडवून एकेक सोनेरी दात पुसला. जन्मभर पॉलिश चढवणारा माणूस स्वतःच्या हातानं पॉलिश उतरवत होता. मधेच पुटपुटले, "उघडीच जाणार म्हण की." मदरबोर्डच्या खाचेतही लाखेचा अंश राहिला असेल म्हणून मी तीही जपून पुसून घेतली. मग पट्ट्या बसवायची वेळ आली. मी म्हटलं, "तुम्हीच दाबा."

"जोर लावून?"

"जोर लावून."

त्यांनी डोळे मिटले, अल्लाचं नाव घेतलं आणि दाबलं. खट्. दुसरी, खट्. घाम फुटला होता.

तपासणी लावली. सगळे पडद्यासमोर. एक फेरी झाली, लाल ओळ नाही. दुसरी झाली, नाही. यास्मीननं तो दिवाणखाना उघडला, सोफा हिरवा केला, निळा केला, पिवळा केला, भिंती पाडल्या, नव्या बांधल्या. कंप्युटर मुकाट सगळं ऐकत होता. तिनं लगेच इरफानला फोन लावला. "तिकडं काही घेऊ नका. अब्बांनी केलेला चालतोय. मस्त चालतोय!" आणि अब्बांच्या गळ्यात पडली. चाचांची मान अशी ताठ झाली की विचारू नका. गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. "माझ्या हातचा हाय. तयार माल न्हाई."

यास्मीन आत बिर्याणीचं बघायला गेली. मी आणि चाचा कारखान्यात दोघंच राहिलो. कंप्युटर खोक्यात भरायचा होता. चाचा त्याच्याशेजारी फळीवर बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून.

"सुहास, आता बिघडणार न्हाई न्हवं ह्यो?"

मी फुशारकीत होतो. "छे! आता पाच-सहा वर्षं बघायला नको."

"पाच-सहा वर्षं?"

"सहज."

मला वाटलं, खूश होतील. चाचांनी नुसती मान हलवली, आणि चेहरा असा उतरला की मला वाटलं, काहीतरी दुखतंय. "काय झालं, चाचा?"

चाचा समोरच्या अर्धवट तंबोऱ्याकडं बघत म्हणाले, "तंबोऱ्याची घोडी झिजती. तारांच्या खालची. वाजवून वाजवून खड्डा पडतोय, आवाज बसतोय. मग घोडी घासून आवाज खुलवाय, जवारी काढाय आणतात. गाणारा कितीबी मोठा असूदे, तार कुणीबी लावंल, पर जवारीला ज्येनं केला त्येच्याकडंच यावं लागतंय. दोन वर्षानं, तीन वर्षानं. दिवसभर हितं बसतोय. च्या पितोय, जेवतोय, घरातलं सांगतोय. मग घेऊन जातोय. जावई म्हनला, बिघडलं तर दुकानातला माणूस घरी येतोय. मी म्हटलं, असं कसं? मग पोरीला मिरजेला यायचं काय कारण ऱ्हाईल? मी केला तर तिला माझ्याकडंच आणावा लागंल."

चार दिवस मला वाटत होतं, म्हाताऱ्याला तयार मालाचा राग आहे.

तरी संगणक विभाग कामाला आला. मी म्हटलं, "पण चाचा, धूळ असते ना. आतली धूळ काढावी लागते. उघडून. नाहीतर गरम होतो."

"धूळ?" चाचांनी मान वर केली. "कवा काढायची?"

"वर्षातून दोनदा तरी."

"आन ती कोनाला जमती?"

"ज्यानं जोडला त्यालाच. दुसऱ्यानं हात लावू नये."

चाचा उठलेच. "यास्मीन! ए यास्मीन!"

ती पदराला हात पुसत आली. चाचांनी तिला धुळीचं सगळं शास्त्र सांगितलं, मला साक्षीला उभं करून. सहा महिन्यांनी आणायचा, उघडून साफ करायचा, दुकानातल्या माणसाला शिवू द्यायचा नाही. यास्मीन रोज कंप्युटरवर काम करणारी पोरगी. एक रंगकामाचा मऊ ब्रश घेतला की ही धूळ घरच्या घरी निघते, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. तिनं माझ्याकडं बघितलं. मी भोपळे मोजायला लागलो. तिनं अब्बांकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

"सहा महिन्यांनी कसं चालेल, अब्बा?" ती म्हणाली. "आमचं घर रस्त्यावर आहे. धूळ लय आहे तिथं. तीन महिन्यांनीच आणावा लागेल."

"तीन म्हन्यानं म्हंजे तीन म्हन्यानं," चाचा एकदम गिऱ्हाइकाला दम भरावा तसे कडाडले. "उशीर करायचा न्हाई. आन एकटीनं उचलून आणायचा न्हाई, जड हाय. जावयाला संगट आणायचं."

"बरं."

"आन सकाळी येऊन सांजच्याला न्हेते म्हणशील तर जमायचं न्हाई. एका दिवसाचं काम न्हाई ते. व्हय का न्हाई, सुहास?"

"कमीत कमी चार दिवस लागतात," मी म्हटलं.

"ऐकलंस? चार दिवस," चाचा म्हणाले, आणि खोक्यात कंप्युटरच्या चारी बाजूंनी जुनी चादर खोचायला लागले.